इस्लापूर सर्कल आणि दोन हद्दी

१९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याचे आठवे कलम नव्या मुंबई राज्याच्या रचनेविषयी आहे. मराठवाड्यातील जिल्ह्यांची नावे घेत ते पुढे सरकते आणि आदिलाबाद जिल्ह्यापाशी आल्यावर एकाएकी बारकाव्यात शिरते: बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका. सर्कल म्हणजे तालुक्याचा एक तुकडा, निजामी अमदानीतील गिरदावराच्या देखरेखीखालचा गावांचा एक पुंजका. आजच्या भाषेत महसुली मंडळ. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील, सहस्रकुंड धबधब्याच्या शेजारचा हा मुलूख. सागाचे जंगल, कापूस-ज्वारीची शेते, आणि मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा अशा बोलींची सरमिसळ. अशा एका पुंजक्याचे नाव संसदेच्या कायद्यात कोरले गेले. कारण त्या कायद्याने तालुकादेखील भाषेच्या काट्यावर अखंड ठेवला नव्हता. बोथ आंध्र प्रदेशाकडे गेला, त्याचे इस्लापूर सर्कल मुंबई राज्याकडे आले. उलट दिशेने नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही सर्कले आंध्राकडे गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही अदलाबदल अमलात आली.

भाषावार प्रांतरचनेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सीमाप्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बेळगाव येते, आणि तेथे ‘खेडे हा घटक’ मानावा की नाही यावरचा वाद येतो. या लेखाचा विषय तो नाही. येथे विचारायचा प्रश्न कमी भावनिक, पण रोजच्या जगण्याला अधिक भिडणारा आहे: हद्द हलते तेव्हा बाजाराचे काय होते? इस्लापूरच्या शेतकऱ्याचा कापूस, त्याचे मीठ, त्याचे कापड कोणत्या वाटेने बिनबोभाट जाऊ शकत होते, आणि कोणत्या वाटेवर त्याला थांबून पैसे मोजावे लागत होते?

भारत ही एक सलग बाजारपेठ आहे, हे आपण इतके गृहीत धरतो की ती कधी तरी घडवावी लागली असेल याची जाणीवही आपल्याला उरलेली नाही. शेजारी देशांनी परस्परांत मुक्त व्यापार करावा की करू नये यावर आपण युरोपची उदाहरणे देत बोलतो. पण आपल्याच आजोबांच्या हयातीत पैनगंगा ही जकातीची सरहद्द होती. नदीच्या उत्तरेला वऱ्हाडातील उमरखेड-पुसदचा मुलूख, दक्षिणेला निजामाचे राज्य. अलीकडून पलीकडे माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर उभे राहावे लागे.

‘करोडगिरी’ हा शब्द आता जवळपास मेला आहे. मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात तो जकातखात्याच्या अर्थाने येई. त्याचे मूळ मोगली आहे. अकबराने एक कोटी दामांच्या वसुलीचा मुलूख ज्यांच्या हाती सोपवला ते ‘करोडी’. दख्खनमध्ये अर्थ आकसत जाऊन मालावरची जकात तेवढी त्यात उरली. निजामी राज्यात ही वसुली पुष्कळ काळ मक्त्याने दिली जाई. पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांनंतर मक्तेदार मागे पडत गेले आणि तिचे रीतसर सरकारी खाते झाले. जमीनमहसूल आणि अबकारी यांच्या जोडीला हे खाते म्हणजे सरकारी तिजोरीचा एक भक्कम आधार होता.

या जकातीला एका तहाची चौकट होती. एप्रिल १८०२ मध्ये निजाम अली खान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला. हैदराबादच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट तेव्हा जेम्स कर्कपॅट्रिक होता. दोन्ही राज्यांच्या मालाला परस्परांच्या मुलखात प्रवेश, वाटेवरची राहदारी रद्द, आणि मालाच्या किमतीवर शेकडा पाच एवढीच जकात, असा त्याचा गाभा. निजामाच्या प्रजेला मछलीपट्टणचे बंदर वापरण्याची आणि तेथे वखार ठेवण्याची मुभाही त्यात होती. आजच्या परिभाषेत याला द्विपक्षीय व्यापार करार म्हणता येईल. कागदावर तो अत्यंत समतोल आहे. दोन्ही बाजूंना सारखे हक्क, सारखा दर.

समतोल किती खरा होता, ते पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दिसले. शेकडा पाचची मर्यादा निजामी राज्याला जखडून राहिली. आपल्या उद्योगांना संरक्षण द्यायचे म्हणून विलायती कापडावर जादा जकात बसवण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सरकारच्या हाती बंदरे होती, आणि बंदरावरचा दर ते आपल्या गरजेप्रमाणे ठरवीत. पहिल्या महायुद्धानंतर तिजोरी भरण्यासाठी आयातीवरचा सर्वसाधारण दर वाढत जाऊन १९२२ मध्ये शेकडा १५ झाला. मुंबई बंदरात उतरलेले कापड किंवा लोखंडी सामान तेथे ही जकात भरी, मग वाडीमार्गे किंवा मनमाडमार्गे हैदराबाद संस्थानात शिरताना पुन्हा शेकडा पाच भरी. पहिली रक्कम दिल्लीला, दुसरी हैदराबादला. दोन्ही शेवटी ग्राहकाच्या खिशातून. मीठही समुद्राकाठचेच, तेव्हा मिठावरचा इंग्रजी कर नांदेडच्या माणसाने इंग्रजांची प्रजा नसतानाही भरला. समुद्रकिनारा नसलेल्या संस्थानांची ही जुनी तक्रार १९२७ मध्ये नेमलेल्या बटलर समितीपुढे मांडली गेली. बंदरातील जकातीत आम्हांला वाटा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. समितीचा अहवाल १९२९ मध्ये आला. वाटा काही मिळाला नाही.

पैनगंगेची गोष्ट तर याहून चमत्कारिक. १८५३ पर्यंत नदीचे दोन्ही काठ निजामाचेच होते. त्या वर्षी वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले, १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाख रुपये खंडाने कायमचे पट्ट्याने दिले गेले. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाडावरची निजामाची मालकी संपली नव्हती. म्हणजे उमरखेडहून नदी ओलांडून इस्लापूरला आलेला माल निजामाच्या मुलखातून निजामाच्याच मुलखात येत होता, आणि तरी तो परराज्यातला ठरत होता. सार्वभौमत्व एकीकडे आणि जकातीची रेषा दुसरीकडे. राज्यशास्त्राच्या पुस्तकात दोन्ही एकत्र असतात, जमिनीवर तसे असेलच असे नाही.

याच सुमारास मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला एक अधिक महत्त्वाकांक्षी प्रयोग झाला होता. त्याची आठवण येथे अवांतर वाटेल, पण तो विसरला गेला आहे म्हणून सांगतो. १८७८ च्या डिसेंबरात इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह होऊन गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांचा जकातसंघ झाला. दोन युरोपीय सत्तांच्या वसाहती, दोन भाषांचा कारभार, आणि त्यांच्यामधील जकातनाके बंद. गोव्याच्या मिठाचा मक्ता ब्रिटिशांनी घेतला आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये द्यावयाचे ठरले. मुरगावचे बंदर व तेथून घाटावर जाणारी रेल्वे हेही याच कराराचे अपत्य. रेल्वे १८८८ मध्ये सुरू झाली. १८९२ मध्ये संघ मोडला. मिठागरांवर राबणाऱ्या गोमंतकीयांना आपले पिढीजात मीठ परवान्याखाली गेलेले पाहावे लागले होते, त्यामुळे करार संपल्याचे दुःख फारसे कोणी केले असेल असे वाटत नाही. जकातसंघात लहान भागीदाराच्या पदरी बहुधा ठरावीक रक्कम पडते आणि मोठ्याच्या हाती निर्णय राहतो. १८०२ च्या तहाविषयी याहून वेगळे काही म्हणता येणार नाही.

हैदराबादकडे परत येऊ. संस्थानाचे नाणेही वेगळे होते. मराठवाड्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन रुपये शेजारी शेजारी नांदत. हाली सिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा. सात हाली म्हणजे सहा कलदार हा ढोबळ हिशेब. सरहद्दीजवळच्या बाजारात माणसाला भाव दोन्ही रुपयांत सांगता यावा लागे, आणि मोड करताना सराफाचा बट्टा जाई तो वेगळाच. जकात, नाणे, टपाल, रेल्वे या सगळ्यांनी मिळून एक स्वतंत्र अर्थव्यवस्था उभी होती, आणि तिचे काही लाभही होते. नांदेडची उस्मानशाही मिल, १९३७ मध्ये उभा राहिलेला बोधनचा साखर कारखाना ही त्या व्यवस्थेची अपत्ये. इस्लापूर-बोथच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या राज्यातला बाजार आदिलाबाद, निर्मळ, नांदेड, निजामाबाद असा दूरवर पसरला होता. दक्षिणेकडच्या या सगळ्या वाटांवर राज्याची हद्द लागत नसे. अडसर काय तो उत्तरेला, नदीवर.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरीचे नाके पहिल्या लक्ष्यांपैकी ठरले, यात नवल नाही. १९४७-४८ मध्ये सरहद्दीबाहेर स्टेट काँग्रेसची जी केंद्रे उभी राहिली त्यांत उमरखेडचेही केंद्र होते. सरहद्द ओलांडून आत शिरावे, नाका उधळावा, दप्तर जाळावे, हा सशस्त्र लढ्याचा एक नित्याचा भाग बनला. शेतकऱ्याच्या घरातून धान्य नेणारी सक्तीची लेव्ही आणि बाजाराच्या वाटेवरचा नाका, या दोन ठिकाणी राज्यसत्ता सामान्य माणसाला प्रत्यक्ष भेटत होती. इतिहासाच्या पुस्तकांत या हल्ल्यांचे वर्णन शौर्यकथा म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांत व्यापाराच्या इतिहासाचेही एक पान आहे, ते सहसा वाचले जात नाही.

सरकारे त्या वेळी व्यापाराचेच हत्यार वापरीत होती. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार होऊन महिना उलटतो न उलटतो तोच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू हिंदुस्थानात नेण्यास बंदी, दुसऱ्याने संस्थानात कलदार रुपयाची कायदेशीर मान्यता रद्द. हिंदुस्थानच्या बाजूने आर्थिक नाकेबंदी आली. सात हालीला सहा कलदार हा शतकभराचा सोपा हिशेब एका फटक्यात राजद्रोहाच्या जवळ जाऊन बसला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला संस्थान शरण आले.

येथे आपली समजूत अशी असते की संस्थान विलीन झाले, त्या दिवशी नाकेही उठले. तसे झाले नाही. विलीनीकरण हा राजकीय निर्णय होता. बाजारपेठ एक करणे हा हिशेबाचा प्रश्न होता, आणि हिशेब असा की जकात सोडली तर राज्य चालवायला पैसा आणायचा कोठून? संस्थानांच्या वित्तव्यवस्थेची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीपुढे हाच पेच होता. अंतर्गत जकात टप्प्याटप्प्याने सोडावी आणि तिची जागा विक्रीकराने घ्यावी, अशी ती वाट होती. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने भारतभर व्यापार मुक्त असेल असे जाहीर केले. पण पाचच कलमे पुढे, ३०६ व्या कलमात, हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्राशी करार करून दहा वर्षांपर्यंत अशी जकात चालू ठेवण्याची सवलतही दिली. म्हणजे २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झालेल्या देशात पैनगंगा ओलांडणाऱ्या मालावर जकात घेणे घटनेला मान्य होते. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती विरत गेली आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३०६ वे कलमच गाळले. हाली रुपया त्याहून चिवट निघाला. १९५० नंतर भारतीय रुपया त्याच्या जोडीने आला, नवा हाली पाडणे थांबले, पण तो पुरता बाद होण्यास १९५९ उजाडले.

आणि या मधल्या काळात, १९५० मध्येच, हैदराबादचा सामान्य विक्रीकर कायदा आला. नाका उठला, त्याच्या जागी दुकानदाराची वही आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत दूरगामी घटना हीच. जकात ही हद्दीवर घेतली जाते, ती डोळ्यांना दिसते, तिच्यावर हल्ला करता येतो. विक्रीकर हा विक्रीच्या जागी घेतला जातो आणि तो प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. राज्याराज्यांतला दर वेगळा झाला की माल कोठून कोठे गेला हे तपासावे लागते. आणि तपासायचे तर हद्दीवर उभे राहावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ या दिवसाचा अर्थ इस्लापूरच्या बाजूने पाहिला तर विलक्षण आहे. ज्या उत्तर हद्दीने त्यांना शंभर वर्षे अडवले, ती पैनगंगा आता एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांमधली नदी झाली. उमरखेड मोकळे झाले. आणि ज्या दक्षिण बाजूला कधी हद्द नव्हती, जेथे त्यांचे तालुक्याचे गाव होते, जेथे त्यांच्या लेकी दिल्या होत्या, तेथे बोथच्या वाटेवर राज्याची सीमा उगवली. भैंशाचा कापसाचा बाजार नांदेड जिल्ह्यात होता, तो परराज्यात गेला. मुक्त व्यापाराचे घटनादत्त वचन पूर्ण झाले ते नदीच्या बाजूला, आणि त्याच सुमारास डोंगराच्या बाजूला ते आखडले.

ही नवी हद्द केवळ नकाशावर राहिली असती तर बोलण्याजोगे काही नव्हते. पण १९५६ मध्येच केंद्रीय विक्रीकर कायदा झाला आणि आंतरराज्य विक्रीवर वेगळा कर आला. मग नमुने, पावत्या, घोषणापत्रे आली. आंध्राच्या बाजूला भोरज, सलाबतपूर येथील तपासणी नाके मालमोटारींच्या चालकांच्या तोंडी करोडगिरीइतकेच परिचयाचे झाले. धान्यटंचाईच्या काळात १९५७ पासून अन्नविभाग आखले गेले, १९६४ मध्ये एकेक राज्य हाच एकेक विभाग ठरला. अशा काळात ज्वारीचे पोते परवान्याशिवाय राज्याबाहेर नेणे हा गुन्हा होता. आठ वर्षांपूर्वीपर्यंत तेच पोते त्याच बैलगाडीतून त्याच वाटेने बोथला नेणे हा साधा व्यवहार होता.

कापसाचे प्रकरण याहून लांबलेले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातील कापूस राज्याच्या पणन महासंघालाच विकायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही, आणि राज्याबाहेर नाही. हेतू चांगला होता. कापूस उत्पादकाला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायचे, हमी भाव द्यायचा, वर नफ्यात वाटा द्यायचा. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक हंगामांत या योजनेने शेतकऱ्याला खरोखर तारले, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे. पण सीमेवरच्या शेतकऱ्याला ती एक विचित्र प्रश्न घालत असे. आदिलाबादच्या बाजारात भाव चढा असेल तर आपला कापूस तिकडे नेणे ही तस्करी. महाराष्ट्राचा भाव चढा असेल तर तिकडचा कापूस इकडच्या खरेदी केंद्रावर आपल्या नावाने घालणे ही फसवणूक. एकच काळी जमीन, एकच वाण, एकच पाऊस, आणि भावाप्रमाणे दर हंगामाला दिशा बदलणारा एक चोरटा प्रवाह. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन बाजारपेठांमधील फरक कसा मिटतो ते शिकायचे असेल तर त्याने ग्रंथ बाजूला ठेवून हा प्रवाह अभ्यासावा. योजना तोट्यात रुतली आणि २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. तीस वर्षे मात्र किनवट-आदिलाबाद यांच्यामधील रेषा कापसापुरती एखाद्या आंतरराष्ट्रीय सीमेसारखी वागत होती.

येथे युरोपशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. जर्मन संस्थानांचा जकातसंघ १८३४ मध्ये झाला आणि जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये. आधी बाजार, मग राज्य. आपल्याकडे आधी राज्य, मग बाजार. आणि नवी राज्ये अस्तित्वात आल्यानंतर पाचव्या महिन्यात, मार्च १९५७ मध्ये, रोम येथे सहा युरोपीय देशांनी सामायिक बाजारपेठेच्या करारावर सह्या केल्या. त्यांनी परस्परांतील जकात १९६८ पर्यंत काढली आणि हद्दीवरची मालाची तपासणी १९९३ मध्ये थांबवली. बारा वर्षांपूर्वी एकमेकांची शहरे बेचिराख करणाऱ्या सार्वभौम देशांना छत्तीस वर्षे लागली. एकाच घटनेखालील आपल्या राज्यांना, १९५० पासून मोजले तर, सदुसष्ट. अर्थात तुलना पूर्ण न्याय्य नाही. आपल्या राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या आणि विक्रीकराखेरीज त्यांच्या हाती स्वतःचे असे फारसे काही नव्हते. तरीही दक्षिण आशियातील मुक्त व्यापाराच्या गप्पा ऐकताना हा आकडा मनात ठेवावा. २००६ मध्ये अमलात आलेल्या ‘साफ्टा’ करारानंतरही या उपखंडातील देशांचा आपसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या शेकडा पाचच्या आसपासच रेंगाळला, यावर आपण शेजाऱ्यांच्या वैराचे कारण देतो. बोथ आणि इस्लापूर यांच्यात कोणते वैर होते?

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विक्रीकराचे नाके उठले. राज्यांना पाच वर्षे, दरसाल शेकडा १४ वाढ गृहीत धरून, नुकसानभरपाईची हमी मिळाली. कृष्णम्माचारी समितीपुढचा पेच अडुसष्ट वर्षांनी त्याच स्वरूपात पुन्हा उभा राहिला होता, आणि तो सुटला तोही भरपाईनेच. पेट्रोल, डिझेल व दारू मात्र या कराबाहेर राहिली. त्यामुळे सीमेवरच्या माणसाला टाकी कोणत्या बाजूला भरावी याचा विचार अजूनही करावा लागतो.

माल मोकळा झाला तसा राज्याराज्यांतील दुसरा फरक उठून दिसू लागला. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले, आणि २०१८ मध्ये तेथील सरकारने रयतु बंधू योजनेखाली शेतकऱ्याला एकरी, हंगामाला ४,००० रुपये देण्यास सुरुवात केली. बांधापलीकडच्या मराठी भाषक शेतकऱ्याला ते मिळाले, अलीकडच्याला नाही. त्याच वर्षी धर्माबादकडील गावांतून तेलंगणात सामील करा अशी मागणी उठली. महाराष्ट्रात ती पोरकटपणाची किंवा द्रोहाची म्हणून हसण्यावारी नेली गेली. मला ती अत्यंत हिशेबी वाटते. १९५६ मध्ये भाषेची मोजणी झाली होती. ही गावे आता दुसरी मोजणी मागत होती. इस्लापूरबरोबर त्याच कलमात नाव आलेल्या राजुरा तालुक्यातील, म्हणजे आता जिवती तालुक्यातील, चौदा गावांनी तर हा प्रश्न आपल्या परीने कधीच सोडवला आहे. त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा. त्यामुळे घरात दोन शिधापत्रिका, गावात दोन शाळा, आणि निवडणुकीत दोन्हीकडे मतदान. वृत्तपत्रे दर निवडणुकीला या गावांची गंमत छापतात. पण ही माणसे करीत आहेत ते इतकेच की हद्दीच्या दोन्ही बाजूंना जे मिळते ते घेत आहेत, जसे त्यांचे आजोबा हाली आणि कलदार दोन्ही घेत.

रेल्वेने मात्र १९५६ ची रेषा कधी मनावर घेतलीच नाही. निजामाच्या काळात टाकलेला मुदखेड-आदिलाबाद मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, पण आखणी तीच राहिली. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला तोही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेखाली, आणि आदिलाबाद स्थानक त्या विभागात. आदिलाबादहून आपल्या राजधानीकडे या मार्गाने निघालेला तेलंगणाचा प्रवासी किनवटला महाराष्ट्रात शिरतो, सहस्रकुंड स्थानकावरून इस्लापूरच्या अंगाने हिमायतनगर, भोकर, मुदखेड गाठतो, तेथून दक्षिणेकडे वळून उमरी-धर्माबादमार्गे बासरला, जुन्या मुधोळ तालुक्यात, पुन्हा तेलंगणात येतो, आणि मग गोदावरी ओलांडतो. तिकीट एकच असते.